गेला कुठे उपनगर मतदारसंघ?

दोस्ता, आधी एक कोडं!

लाखो माणसं त्याच्या पोटात राहतात, पण ते कुणालाच दिसत नाही. त्याला रेघ असते, पण ती रस्त्यावर कुठेच सापडत नाही. आणि ते गायब झालं, तरी एकही भिंत पडत नाही, एकही झाड हलत नाही. सांग पाहू काय?

सुचेना? बरं, उत्तर ऐक. मतदारसंघ!

थांब, थांब! "ई, हा तर नागरिकशास्त्राचा धडा!" म्हणून पान उलटू नकोस हं. या गोष्टीत विक्रोळीच्या लाखो लोखंडी पेट्या आहेत. जवळजवळ आठ तास चाललेलं एक भाषण आहे. एकाच माणसाला लागोपाठ हरवणारे भाऊ-बहीण आहेत. आणि एक अख्खा जिल्हा आहे, जो पुसला गेला आणि पुन्हा उगवला! आता वाचणार ना?

तर मतदारसंघ म्हणजे काय? तुझ्या शाळेचंच घे. हजार मुलं आहेत. सगळ्यांना एकदम मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरून "आम्हाला खेळाचा तास वाढवून द्या!" असं सांगता येईल? छे! केवढा गोंधळ होईल! म्हणून मुलांच्या तुकड्या करतात. पाचवी अ, पाचवी ब, पाचवी क. प्रत्येक तुकडी आपला एक प्रतिनिधी निवडते आणि तो आत जाऊन सगळ्यांच्या वतीने बोलतो.

देशाचंही तसंच! देशाच्याही तुकड्या करतात. त्या तुकडीला म्हणायचं मतदारसंघ. तिने निवडून दिलेला प्रतिनिधी म्हणजे खासदार. तो दिल्लीला लोकसभेत जाऊन बसतो आणि आपल्या तुकडीसाठी बोलतो. झालं! एवढं कळलं की गोष्ट सुरू.

आपली गोष्ट आहे मुंबईच्या उपनगरांची. वांद्रे, अंधेरी, कुर्ला, घाटकोपर, मुलुंड, बोरिवली... नावं ऐकलीच असशील. मूळ मुंबई शहर म्हणजे कुलाब्यापासून माहीम आणि शीवपर्यंतचा चिंचोळा भाग. त्याच्या पलीकडे साष्टी नावाचं मोठं बेट. आज तिथे उंच उंच इमारती आहेत. पण शंभर वर्षांपूर्वी? भातशेती, मिठागरं, नारळाच्या वाड्या आणि मधूनमधून गावं!

१ ऑक्टोबर १९२० या दिवशी इथे एक नवा जिल्हा तयार झाला. ठाणे जिल्ह्यातून साष्टीचा दक्षिण भाग वेगळा काढला आणि त्याला नाव दिलं मुंबई उपनगर जिल्हा. ही तारीख लक्षात ठेव हं. १ ऑक्टोबर. पुढे तिची एक गंमत आहे.

मग तिथे माणसं येऊ लागली. १९२५ साली विजेवरची पहिली लोकल कुर्ल्यापर्यंत धावली. मग काय! कचेरी शहरात आणि घर लांब, असं सहज जमू लागलं. १९४७ नंतर फाळणीत घरदार गमावलेली कितीतरी कुटुंबं आली आणि चेंबूर, मुलुंडच्या वसाहतींत राहू लागली. गिरण्यांमागून कारखाने आले, कारखान्यांमागून चाळी आल्या.

आणि मग आली स्वतंत्र भारताची पहिली निवडणूक! १९५१ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि १९५२ च्या फेब्रुवारीत संपली. म्हणजे तुझी दिवाळीपासून वार्षिक परीक्षेच्या तयारीपर्यंत सगळी मजा उरकेल, एवढे महिने! मतदार किती? सतरा कोटींच्या वर! आणि त्यातल्या बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हतं.

खासदार निवडायच्या जागा होत्या ४८९. तेव्हाच्या राज्यघटनेने सांगितलं होतं की साधारण पाच ते साडेसात लाख लोकांमागे एक खासदार असावा. आता १९५१ च्या जनगणनेत बघ. मुंबईच्या उपनगरी भागात किती माणसं होती? साडेसहा लाखांच्या आसपास. म्हणजे बरोब्बर एका तुकडीपुरती! म्हणून एक मतदारसंघ तयार झाला. नाव साधंसुधं: मुंबई उपनगर.

हाच तो आपला गायब होणारा मतदारसंघ!

पण तो गायब होण्याआधी तिथे मत कसं द्यायचे, ते ऐक. मला तर हा भाग सगळ्यात आवडतो.

आज मतदान यंत्राचं बटण दाबलं की "पीऽऽप" होतं आणि काम झालं. तेव्हा यंत्र नव्हतं. शिक्का मारायचा कागदही नव्हता! मग होतं काय? पेट्या! जितके उमेदवार, तितक्या पेट्या. पडद्यामागे ओळीने मांडलेल्या. एका पेटीवर बैलजोडीचं चित्र, दुसरीवर झाडाचं, तिसरीवर आणखी कशाचं. वाचता येत नसलं तरी बैल तर ओळखता येतो ना! मतदाराच्या हातात उमेदवारांची नावं नसलेली एक छोटी मतपत्रिका द्यायचे. पडद्यामागे जायचं आणि आवडेल त्या पेटीत ती टाकायची. बस्स!

ती मतपत्रिका केवढी असेल? एक रुपयाच्या नोटेएवढी! आणि छापली कुठे? नाशिकला. जिथे सरकारी टपाल तिकिटं छापतात, त्याच छापखान्यात. नोटेएवढा कागद, नोटेसारखा कडक बंदोबस्त!

आता जरा डोकं चालव. एका मतदान केंद्रावर समजा पाच उमेदवार. म्हणजे पाच पेट्या. राज्याच्या विधानसभेची निवडणूकही त्याच वेळी, म्हणजे तिच्या आणखी पेट्या. आणि अशी केंद्रं देशभर हजारो. किती पेट्या लागल्या असतील? वीस लाखांच्या वर! त्यांच्यासाठी ८,२०० टन पोलाद लागलं. एका मोठ्या हत्तीचं वजन साधारण पाच टन धरलंस, तर सोळाशेहून जास्त हत्ती! मतपेट्या होत्या की हत्तींचा कळप?

आणि ओळख बरं, यातल्या जवळजवळ निम्म्या पेट्या कुठे तयार झाल्या?

विक्रोळीला! मुंबईच्या उपनगरातच!

हो, खरंच. गोदरेज कंपनीचा नवा कारखाना तेव्हा विक्रोळीत नुकताच उभा राहत होता. कपाटं आणि कुलपं बनवणाऱ्या या कंपनीने तिथे १२ लाखांहून अधिक मतपेट्या तयार केल्या. नव्या कारखान्यातला पहिला माल म्हणजे या पेट्याच! पेटी अशी हवी की ती सहज फोडता येऊ नये. पण महागही नको. एका पेटीची किंमत साधारण पाच रुपये. बाहेरून कुलूप लावायचं तर खर्च वाढणार. मग कारागिरांनी युक्ती काढली. कुलूप पेटीच्या आतच बसवलं! एकदा झाकण लागलं की बाहेरून उघडायला काही हातालाच लागत नाही.

विक्रोळीहून त्या पेट्या आगगाडीत बसून देशभर गेल्या. पुढे कुणी बैलगाडीत गेली, कुणी उंटावर. ज्या विक्रोळीचं नावही कुणी ऐकलं नव्हतं, तिथली पेटी कुठल्या कुठे जाऊन बसली!

आणि पेट्या उघडल्या तेव्हा? काही ठिकाणी आत मतपत्रिकांबरोबर नाणी निघाली, चिठ्ठ्याही निघाल्या! काही लोकांनी तर पेटीला देवच मानून हात जोडले म्हणे. पहिलीच वेळ होती ना सगळ्यांची!

हे सगळं सांभाळणारे गृहस्थ होते सुकुमार सेन. भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. शिक्षण कशाचं? गणिताचं! हुशार गणिती हवाच होता इथे. पण एक प्रश्न असा आला की गणितही थबकलं. मतदारयादीसाठी कर्मचारी घरोघर जायचे. "बाई, तुमचं नाव काय?" उत्तर यायचं, "मी अमक्याची आई" किंवा "तमक्याची बायको." परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगायचं नाही, अशी कितीतरी घरांत रीत होती. आता याद्यांत "रामूची आई" लिहून कसं चालेल? रामू तर गावात दहा! सेन म्हणाले, नाव नाही तर यादीत जागा नाही. अशी किती नावं गळाली असतील? सुमारे २८ लाख! बहुतेक उत्तर आणि मध्य भारतातली. विचार कर, नाव सांगितलं नाही म्हणून २८ लाख बायकांचं मत गेलं. मला हे वाचून फार हळहळ वाटते. पण सेन यांच्या कडकपणाचा उपयोग झाला. पुढच्या निवडणुकीपर्यंत पुष्कळ बायकांनी आपलं खरं नाव लिहून घेतलं.

आणि त्याच निवडणुकीत आपल्या मुंबई उपनगरने काय केलं ठाऊक आहे? एका बाईंनाच निवडून दिलं!

त्यांचं नाव जयश्री नैषध रायजी. काँग्रेसच्या उमेदवार. जन्म १८९५ चा, गुजरातेतल्या सुरतचा. स्वातंत्र्याच्या लढ्यात परदेशी मालाच्या दुकानांसमोर त्यांनी निदर्शनं केली, १९४२ च्या आंदोलनात तुरुंगवासही भोगला. आयुष्यभर स्त्रियांसाठी आणि तुझ्यासारख्या मुलांसाठी काम केलं. त्यासाठी पुढे १९८० साली त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला. त्या पहिल्या लोकसभेत बायका होत्या मोजून दोन डझनांच्या आसपास. पुरुष? साडेचारशेच्या वर! एवढ्या गर्दीत आपल्या उपनगराच्या बाई जाऊन बसल्या.

शेजारच्या मतदारसंघाचंही एक नवल सांगून टाकते. मुंबई शहर उत्तर हा मतदारसंघ जुळा होता! म्हणजे एकाच तुकडीतून दोन प्रतिनिधी. त्यातली एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव. तिथून कोण उभं होतं? साक्षात डॉ. बाबासाहेब आंबेडकर! ज्यांनी राज्यघटनेचा मसुदा घडवला, ते. आणि ते हरले! नारायण काजरोळकर जिंकले. असे जोड मतदारसंघ देशात तेव्हा ८६ होते. १९६१ साली कायदा करून ते बंद केले.

बरं, आता गायब होण्याकडे वळू.

लोक काही एका जागी बसून राहत नाहीत. एका वर्षी पाचवी ब मध्ये चाळीस मुलं असतात, पुढच्या वर्षी ऐंशी! मग शाळा काय करते? तुकड्यांची नवी वाटणी करते. "तू इकडे, तू तिकडे." तू तोच, तुझं दप्तर तेच, पण तुकडीचं नाव बदललं! देशातही हे काम करणारा एक आयोग असतो. त्याचं नाव परिसीमन आयोग. उच्चारायला जरा जड आहे, पण काम सोपं: जनगणना बघायची आणि नकाशावर नव्या रेघा ओढायच्या. आणि त्याचा थाट माहीत आहे? त्याने एकदा रेघ ओढली की त्याविरुद्ध सहसा कोर्टातही जाता येत नाही! खेळातल्या पंचांवर तरी आपण ओरडतो. इथे तेही नाही!

या आयोगाने १९५१ ची जनगणना पाहिली आणि १९५७ च्या निवडणुकीसाठी नवा नकाशा काढला. त्या नकाशात मुंबई शहर दक्षिण होता. मध्य होता. उत्तर होता. आणि मुंबई उपनगर?

नव्हताच!

एकच निवडणूक खेळून गडी बाद! उपनगरांतली मोठी वस्ती आता उत्तर मतदारसंघात गेली. त्याच १९५७ साली मुंबई महापालिकेची हद्द वाढून थेट दहिसर आणि मुलुंडपर्यंत पोचली. आणि आपला तो १ ऑक्टोबरचा उपनगर जिल्हा? तोही बरखास्त! मतदारसंघ गेला, जिल्हा गेला. पण वांद्र्याचा माणूस सकाळी उठला तेव्हा तो होता तिथेच होता. दूधवाला तोच, लोकल तीच, लोकलची गर्दी तर अगदी तीच!

नव्या उत्तर मतदारसंघातून निवडून आले व्ही. के. कृष्ण मेनन. हे मूळचे केरळचे. त्या वर्षीच्या जानेवारीत त्यांनी न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत काश्मीरवर भाषण केलं होतं. किती वेळ? दोन दिवस मिळून जवळजवळ आठ तास! तुझी शाळा भरते, सुटते, तू घरी येतेस किंवा येतोस, एवढा वेळ! बोलता बोलता दमून कोसळलेसुद्धा. पण भाषण पूर्ण केलं.

१९६२ साली त्यांच्यासमोर उभे राहिले आचार्य कृपलानी. मोठे, मुरलेले नेते. सगळ्या देशाचं लक्ष मुंबईच्या उपनगरांकडे! सिनेनट दिलीपकुमार मेनन यांच्या प्रचाराला आले, तेव्हा केवढी गर्दी लोटली असेल! मेनन तेव्हा संरक्षणमंत्री होते, आणि दोनच महिन्यांपूर्वी, १९ डिसेंबर १९६१ ला, आपल्या सैन्याने गोवा मुक्त केला होता. मेनन यांना कृपलानींच्या जवळपास दुप्पट मतं पडली.

पण पुढच्या वेळी? ऐक तर!

मधल्या काळात नकाशा पुन्हा बदलला. उत्तरेचे दोन तुकडे झाले. एक ईशान्य, एक वायव्य. ढोबळमानाने सांगायचं तर मध्य रेल्वेकडचा भाग ईशान्येत आणि पश्चिम रेल्वेकडचा वायव्येत. १९६७ साली काँग्रेसने मेनन यांना तिकीट दिलं नाही. मग ते ईशान्य मुंबईतून एकटेच, अपक्ष म्हणून उभे राहिले. समोर होते स. गो. बर्वे. मोठे सरकारी अधिकारी, नंतर राज्याचे मंत्री. १९६१ ला पानशेतचं धरण फुटून पुण्यात हाहाकार उडाला, तेव्हा पुणं पुन्हा उभं करणाऱ्यांत हे पुढे होते. बर्वे जिंकले!

आणि काही आठवड्यांतच त्यांचा मृत्यू झाला.

जागा रिकामी झाली, म्हणून तिथे लगेच पुन्हा निवडणूक. मेनन पुन्हा उभे राहिले. आता समोर कोण? बर्व्यांच्या बहीण, तारा सप्रे! आणि त्यांनीही मेननना हरवलं! एकाच वर्षात, एकाच मतदारसंघात आधी भावाने आणि मग बहिणीने. कुर्ल्याच्या बाजूला राहत असशील, तर एस. जी. बर्वे मार्ग पाहिला असशील. ते हेच बर्वे!

मेनन मात्र हटले नाहीत. १९६९ साली बंगालमधल्या मिदनापूरहून आणि १९७१ साली केरळातल्या त्रिवेंद्रमहून निवडून आले. एक माणूस, तीन टोकांचे तीन मतदारसंघ!

इकडे उपनगरं फुगतच होती. आकडे बघ हं, तोंडात बोटं घालशील. १९५१ ला साडेसहा लाख. १९६१ ला जवळपास चौदा लाख. १९७१ ला सुमारे एकोणतीस लाख! दर दहा वर्षांनी दुप्पट! म्हणून नकाशावरची रेघ टिकेचना. १९६७ ला अख्ख्या मुंबईच्या पाच जागा झाल्या आणि १९७७ ला सहा.

आणि मग? मग थांबलं! १९७६ साली ठरलं की कुठल्या राज्याला किती जागा, हा आकडा आहे तसाच ठेवायचा. पुढे २००८ ला रेघा इकडच्या तिकडे झाल्या, पण मुंबईच्या जागा सहाच राहिल्या. माणसं मात्र काही थांबली नाहीत! २०११ च्या जनगणनेत मुंबईत सव्वा कोटीच्या घरात लोक होते. सहाने भाग. एका खासदाराच्या वाट्याला वीस लाखांहून जास्त माणसं! जयश्रीबाईंच्या वेळी ती साडेसहा लाख होती. तिप्पट माणसं, आणि प्रतिनिधी एकच! त्या बिचाऱ्याने कुणाकुणाचं ऐकायचं?

अरे हो, तारखेची गंमत राहिलीच!

पुसला गेलेला उपनगर जिल्हा १९९० साली परत जन्माला आला. बृहन्मुंबईचे दोन जिल्हे केले, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. दिवस कुठला होता सांग? १ ऑक्टोबर! बरोबर सत्तर वर्षांनी तोच वाढदिवस! जिल्हा परत आला, पण 'मुंबई उपनगर' नावाचा लोकसभा मतदारसंघ काही परत आला नाही.

आता कागद-पेन्सिल घे. जाता जाता तुला एक भागाकार देणार आहे.

लोकसभेचा एक मतदारसंघ म्हणजे विधानसभेचे सहा मतदारसंघ, असा मुंबईत हिशेब आहे. मुंबई शहर जिल्ह्यात विधानसभेचे १० मतदारसंघ आहेत आणि उपनगर जिल्ह्यात २६. एकूण ३६, भागिले ६. सहा खासदार, बाकी शून्य. छान! पण नुसत्या उपनगराचे २६ घेऊन सहाने भाग बघू. सहा चोक चोवीस... आणि बाकी दोन! हे दोघं उरले कुठे?

ते चेंबूर आणि अणुशक्तीनगर! जिल्हा उपनगर, पण लोकसभेपुरते ते शहरातल्या धारावी, शीव-कोळीवाडा, वडाळा आणि माहीम यांच्या तुकडीत जाऊन बसतात. त्या तुकडीचं नाव मुंबई दक्षिण-मध्य. चेंबूर आणि दक्षिण! नकाशात बोट ठेवून बघच एकदा.